सुकाणूंचा ढिलेपणा कोठें शोधावा?

आमच्या घरची मोटार जुनी आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. ती प्रीमियर पद्मिनी जातीची असून माझे थोरले बंधु उदगिरास वकिली करीत असतां १९८९ सालीं त्यांनीं ती नवी घेतली. आज बंधु नाहींत, त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांस वाळवी लागली. पण गाडी मात्र जळकोटच्या आमच्या वाड्यांत, जेथें पूर्वीं बैल बांधीत तेथें, अजून उभी आहे आणि सणावारीं रस्त्यावर येतेहि. पंधरा वर्षांची नोंदणीची मुदत संपल्यापासून दर पांच वर्षांनीं ती मुदत वाढवून घ्यावी लागते. तें काम माझा पुतण्या नेमानें करतो. शहरांतील पाहुणे तिला पाहून हंसतात. घरांतील स्त्रीवर्गास मात्र तिच्याविषयीं ममत्व आहे, कारण तिच्यांत बसून दोघी सुना ह्या घरांत आल्या आणि तीन मुली सासरीं गेल्या.

गेल्या वैशाखांत पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. मुंज झाली म्हणजे बटूस घेऊन माहूरगडीं रेणुकामातेच्या दर्शनास जावयाचें, हा आमच्या घराण्याचा प्रघात आहे. वहिनींनीं आधींच सांगून ठेविलें होतें, "जायचं तें ह्याच गाडींतून. ह्यांची गाडी आहे. नातवाला तिच्यांतूनच देवीच्या पायांशीं न्यायचा." ह्यावर कोण काय बोलणार? परंतु मुंजीचें सामान आणण्याकरितां मी पुतण्याबरोबर उदगिरास गेलों होतों, आणि परत येतांना जें पाहिलें त्यानें माझ्या मनांत धास्ती बसली होती. आमचा मुलूख बालाघाटाच्या डोंगररांगेंतला. रस्त्याला चढउतार आणि वळणें हीं आलींच. एका वळणावर समोरून कडब्यानें लादलेला ट्रक आला. पुतण्यानें सुकाणूं डावीकडे फिरविलें, आणि मला स्पष्ट दिसलें कीं, तें चक्र चांगलें चार बोटें फिरलें तेव्हां कोठें गाडीला तें ऐकूं गेलें.

"हें असें केव्हांपासून?" मीं विचारलें.

"काका, थोडी ढिली आहेच ती. हाताला सवय झाली कीं कांहीं वाटत नाहीं."

ह्या 'सवय' शब्दाचीच मला भीति वाटते. सुकाणूं एका दिवसांत सैल होत नाहीं. आज केंसभर, महिन्यानें दोन केंस, अशी ती ढिलाई वाढते. आणि रोज हांकणाऱ्याचा हात तिच्याबरोबर न कळत शिकत जातो. वळण येण्यापूर्वींच तो दोन बोटें आधीं फिरवूं लागतो, सरळ रस्त्यावर उगाच डावें उजवें करीत राहतो, आणि त्याला वाटतें कीं आपण सरळच चाललों आहों. म्हणून ज्याच्या घरीं जुनी गाडी आहे त्यानें वर्षांतून एकदां तरी ती दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हातीं द्यावी. परक्या हाताला जें पहिल्या फर्लांगांत कळतें तें घरच्या हाताला दहा वर्षांत कळत नाहीं.

मुंजीचा थाटमाट आटोपल्यावर पुतण्यानें गाडी एका कारखान्यांत नेली. त्याचें नांवगांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. अर्ध्या तासांत काम झालें. सुकाणूंच्या दांड्याच्या खालच्या टोकास जी लोखंडी पेटी असते तिच्या माथ्यावर एक स्क्रू असतो. तो तेथील कारागिरानें आवळला, वरून नट घट्ट केला, आणि ढिलाई गेली! पुतण्या हर्षानें परत आला. वहिनींनीं गाडीला हळदकुंकू लावलें, प्रस्थानाचा दिवस ठरला, शिदोरीचे बेत सुरू झाले.

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या शेजारीं बसून गांवाबाहेर जाऊन आलों. सरळ रस्त्यावर गाडी खरोखरच चांगली चालत होती. वळणावर मात्र एक विपरीत गोष्ट दिसली. वळण संपल्यावर सुकाणूंचक्र हातांतून आपोआप सरळ येतें, हें मोटारींत बसणाऱ्या कोणीहि पाहिलेलें असेल. पुढचीं चाकें ज्या खुंटांभोंवतीं वळतात ते खुंट मुद्दाम किंचित् कललेले ठेवलेले असतात. त्यामुळें चालत्या गाडीचीं चाकें स्वभावतःच सरळ होऊं पाहतात. आमचें चक्र परत येईना. पुतण्याला तें जोर करून ओढून आणावें लागे, आणि तितक्या वेळांत गाडी रस्त्याच्या कडेला जाई. ढिलाई गेली होती खरी; पण तिच्या जागीं आडमुठेपणा येऊन बसला होता.

ह्या अवस्थेंत घरांतील नऊ माणसांचे जीव माहूरच्या घाटांत न्यावयाचे कीं काय, ह्यावरून त्या रात्रीं घरांत बरीच बोलाचाली झाली. पुतण्या म्हणे, "नवी गाडी भाड्यानें करूं." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्या उठून देवघरांत गेल्या. शेवटीं मीं एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि उदगिरास बंधूंच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत त्यांना निरोप धाडला. चाळीस वर्षें फियाट आणि जीप ह्यांच्या पोटाखालीं निजून त्यांनीं काढलीं; आतां मुलगे दुकान पाहतात. त्यांना आम्ही सर्व चाचा म्हणतों. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या हाताखालीं शिकले, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात.

चाचांनीं आल्यावर पान्याला हात लावला नाहीं. प्रथम त्यांनीं चारी चाकांची हवा पाहिली. पुढचें एक चाक बरेंच मऊ निघालें. ते म्हणाले, "गुरुजी, आधीं हवा. अर्ध्या लोकांचं स्टिअरिंग पंपानंच दुरुस्त होतं." ह्यांत तथ्य आहे. 'सुकाणूं सैल आहे' ह्या एकाच तक्रारीखालीं लोक तीन निरनिराळे विकार सांगतात. चक्र हातांत फिरतें पण चाकें फिरत नाहींत, ही खरी ढिलाई. मिस्त्री मंडळी हिला 'प्ले' म्हणतात. चक्र घट्ट आहे पण गाडी आपणच इकडे तिकडे भरकटते, हा दुसरा विकार. ह्याचें मूळ हवेंत, टायरांच्या झिजेंत, चाकांच्या परस्पर रोखांत किंवा रस्त्याच्या उतारांतहि असूं शकतें. आणि ठराविक वेगाला चक्र थरथरतें, हा तिसरा. तो बहुधा चाकाच्या तोलाचा दोष. पहिल्याचें औषध दुसऱ्याला देण्यांत अर्थ नाहीं.

हवा सारखी केल्यावर चाचांनीं पेटीचा तो आवळलेला स्क्रू उलट फिरवून सैल केला. "आधीं रोग जसा होता तसा दिसूं द्या," ते म्हणाले. मग मीं माझ्या मास्तरकीला शोभेल असें मोजमाप केलें. गाडी सपाट जागेवर, चाकें सरळ, एंजिन बंद. चक्रासमोर एक ताठ तार बांधली, आणि चक्राच्या कडेवर खडूची खूण केली. एक बोट पुढच्या चाकावर ठेवून चक्र हलक्या हातानें डावीकडे नेलें. चाक हलूं लागतांच थांबलों, दुसरी खूण केली. तसेंच उजवीकडे. दोन टोकांच्या खुणांमधील अंतर नऊ सेंटिमीटर भरलें. आमच्या चक्राचा व्यास चाळीस सेंटिमीटर आहे.

आतां ही ढिलाई राहते तरी कोठें, हें समजण्यासाठीं सुकाणूंची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपण फिरवितों तें चक्र एका लांब दांड्याच्या टोकाशीं असतें. दांड्याचें खालचें टोक पेटींत जातें. तेथें त्याला गोगलगाईच्या शंखासारखे आटे असतात, आणि त्या आट्यांत गुंतलेला दुसरा तुकडा एका आडव्या हाताला फिरवितो. हा हात मधल्या दांड्याला ढकलतो. दुसऱ्या बाजूस तसाच एक सोबती हात तो दांडा तोलून धरतो. मधल्या दांड्यापासून दोन्हीं बाजूंस एकेक दांडा चाकाकडे जातो. ह्या दांड्यांचे सांधे माणसाच्या खांद्याच्या सांध्यासारखे असतात: वाटींत बसलेला गोळा, मध्यें ग्रीस, वरून रबराची टोपी. शेवटीं चाक ज्या खुंटावर वळतें तो किंग पिन, आणि चाकाच्या आंतील बेअरिंग. म्हणजे हातापासून रस्त्यापर्यंत दहाबारा ठिकाणीं एक वस्तु दुसरीला 'पुढें सांग' म्हणते. त्यांतील कोणींहि ऐकण्यांत कुचराई केली कीं तिचा परिणाम हाताशीं येऊन बसतो.

आणि तो मोठा होऊन येतो, हें विशेष. आमच्या वर्गांतील मुलांना घालावें असें हें उदाहरण आहे. समजा, पेटीचें प्रमाण सोळास एक आहे, म्हणजे चक्राचे सोळा अंश फिरले तर खालचा हात एक अंश फिरतो; हाताची लांबी पंधरा सेंटिमीटर, चक्राची त्रिज्या वीस सेंटिमीटर. तर एखाद्या दांड्याच्या सांध्यांत केवळ एक मिलिमीटर पोकळी पडली असतां चक्राच्या कडेवर ती सुमारें एकवीस मिलिमीटर दिसेल. तेव्हां हाताशीं नऊ सेंटिमीटर म्हणजे खालीं कोठें तरी चारएक मिलिमीटर. आणि तीं चार एके ठिकाणीं आहेत कीं दहा ठिकाणीं वांटलेलीं आहेत, हाच सारा प्रश्न. दहा ठिकाणीं वांटलेली असली तर ती जुन्या गाडीची वार्धक्यदशा होय. एकाच ठिकाणीं असली तर तें मरणाचें आमंत्रण.

हें ओळखण्याची चाचांची युक्ति अशी. गाडी चाकांवरच उभी ठेवावी. कारण चाकें अधांतरीं असलीं तर तीं सहज फिरतात आणि ढिलाई लपते. एका माणसानें आंत बसून चक्र त्या ढिलाईच्या मर्यादेंतच, फार जोर न लावतां, झटक्याझटक्यानें डावें उजवें करीत राहावें. दुसऱ्यानें खालीं पाहावें आणि एकेका सांध्यावर बोट ठेवावें. आंत बसण्याचें काम माझ्या सूनबाईनें केलें, कारण पुतण्याचा हात फार दणकट पडूं लागला. चाचा निजले, मी शेजारीं गुडघ्यांवर बसलों. ते वरून खालीं क्रमानें येत गेले. पेटींत शिरणारा दांडा हलतो? हलतो. पेटींतून निघणारा हात त्याच क्षणीं हलतो? किंचित् मागें राहतो, पण फार नव्हे. पेटीच गाडीच्या अंगावर सरकते का? नाहीं, बोल्ट घट्ट आहेत. मधला दांडा? बरोबर. सोबती हात वर खालीं डुलतो का? थोडा. उजव्या बाजूचे सांधे? ठीक. असें करीत ते डाव्या चाकाजवळच्या शेवटच्या सांध्यापाशीं आले, आणि सूनबाई वरून म्हणाली, "काका, आतां इथंपर्यंत 'कट्' असं ऐकूं येतंय."

आमच्या न्यायशास्त्रांत अन्वयव्यतिरेक म्हणून जी पद्धति सांगितली आहे ती हीच. जेथपर्यंत हालचाल पोंचते तेथपर्यंत दोष नाहीं. जेथें एक बाजू हलते आणि तिला जोडलेली दुसरी स्वस्थ राहते, तेथें दोष. कारखान्यांतील त्या कारागिराचा अपराध हा नव्हे कीं त्याला काम येत नव्हतें; त्यानें प्रमाण न पाहतांच निर्णय दिला, हा. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं!

चाचांनीं मला खालीं वांकून बोट ठेवावयास सांगितलें. दांडा उडी मारी, आणि ज्याला तो जोडला होता तो चाकाचा हात क्षणभर थांबून मग हले. बोटाला टिचकी मारल्यासारखें लागे. रबराची टोपी फाटून गेली होती. आंत ग्रीसच्या जागीं आमच्या काळ्या मातीची सुकलेली भुकटी. आणि सर्वांत वाईट तें पुढें. गोळ्याच्या खुंटावर जो नट असतो त्याला खांचा असतात आणि नट फिरूं नये म्हणून त्या खांचांतून व खुंटाच्या भोंकांतून एक दुहेरी पिन आरपार घालून तिचे पाय वांकवितात. आमच्या गाडींत ती पिन नव्हती. तिच्या जागीं कोणीं तरी, केव्हां तरी, भिंतीला तसबीर टांगण्याचा खिळा घालून वांकविला होता. तो गंजून अर्धा झिजला होता आणि नट दोन फेरे मागें आला होता.

चाचांनीं खिळा पक्कडीनें उपटून माझ्या तळहातावर ठेविला. अंगणांत कोणी बोललें नाहीं. हा सांधा सुटला म्हणजे एक चाक सुकाणूंच्या आज्ञेंत राहतें आणि दुसरें स्वतंत्र होतें. मग हांकणारा कितीहि कुशल असो, त्याच्या हातांत नुसतें चक्र राहतें. वहिनी ओसरीवरून पाहात होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "कैकेयीनं निदान स्वतःचा हात घातला होता."

वाचकांस ती कथा ठाऊक आहे. दशरथाच्या रथाची खीळ युद्धांत निखळली आणि कैकेयीनें तेथें आपला हात घालून रथ सांवरला, असें कीर्तनकार सांगतात. ह्या खिळीला ऋग्वेदांत फार सुंदर नांव आहे: 'आणि'. आंसाच्या टोकाशीं बसून चाकाला निसटूं न देणारी ती 'आणि'. आपल्या मराठींतील दोन शब्द जोडणाऱ्या 'आणि'शीं तिचा संबंध लावण्याचा मोह होतो, परंतु ती व्युत्पत्ति नव्हे. दुसरी एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. 'सुख' हा शब्द ऋग्वेदांत रथाचें विशेषण म्हणून येतो: सहज, सुरळीत धांवणारा रथ. 'ख' म्हणजे भोंक. ज्याच्या चाकाचें आंसाचें भोंक नीट आहे तो सुख, असा अर्थ कांहीं पंडित लावितात. सर्वांस तो मान्य नाहीं. पण ज्यानें त्या दिवशीं आमच्या गाडीखालीं बोट घालून पाहिलें असतें त्याला तो पटकन् मान्य झाला असता.

ह्यानंतर जॅक लावून पुढचीं चाकें एकेक उचललीं. येथें घरोघरच्या हौशी मुलांना एक बजावून सांगतों: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये, आणि विटांचा आधार तर मुळींच घेऊं नये, वीट न सांगतां फुटते. लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवावी. उचललेलें चाक डावीकडून व उजवीकडून धरून हलविलें असतां खटखट झाली तर दोष दांड्यांच्या सांध्यांत. वरून व खालून धरून हलविलें असतां झाली तर तो बेअरिंगांत किंवा किंग पिनांत. ह्या दोहोंतला भेद ओळखण्यास कोणाला तरी ब्रेक दाबून धरावयास सांगावें. ब्रेकनें चाक आणि खुंट जणूं एक होतात; तेव्हां खटखट थांबली तर बेअरिंग सैल, आणि राहिली तर किंग पिन झिजलेला. आमचें एक बेअरिंग किंचित् सैल होतें, तें तेव्हांच जुळविलें. किंग पिनांना वेळच्या वेळीं ग्रीस मिळालें होतें, म्हणून ते अजून धडधाकट होते. ही बंधूंच्या शिस्तीची पुण्याई.

आतां त्या पेटीच्या स्क्रूविषयीं. तो आवळल्यानें ढिलाई गेलीच होती, मग त्यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणून पेटींतील आटे मध्यभागींच झिजतात, दोन्हीं टोकांना जवळजवळ नव्यासारखे राहतात. मध्यावरची सर्व पोकळी बुजेपर्यंत स्क्रू आवळला तर वळणावर, जेथें आटे झिजलेले नाहींत तेथें, पेटी आवळून धरते. आमचें चक्र परत येत नव्हतें तें ह्यामुळें. शिवाय आमच्या बाबतींत पेटीचा दोष थोडा आणि सांध्याचा फार. म्हणजे पेटीला उगाच शिक्षा करून सांध्याचा गुन्हा झांकला गेला. तीच खरी भीति. ढिलाई ही वेदना आहे. ती ओरडत होती, तिचें तोंड बांधलें. चाचांचा नियम असा कीं, बाकीचें सर्व निर्दोष ठरल्यावर, पेटींत तेल आहे हें पाहून, मगच त्या स्क्रूला हात लावावा, आणि तोहि पाव फेऱ्याहून अधिक नव्हे. मग चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कोठें अडत नाहीं ना, हें पाहावें.

त्या रात्रीं मीं पुतण्याकडून कायद्याचा मजकूर वाचून घेतला. केंद्रीय मोटारवाहन नियम १९८९ चे. म्हणजे आमची गाडी आणि ते नियम एकाच वयाचे. त्यांतील ९८ वा नियम सुकाणूंविषयीं आहे. चक्राची ढिलाई ३० अंशांहून अधिक असूं नये, असें तो म्हणतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे सुमारें साडेदहा सेंटिमीटर. आमची नऊ होती! म्हणजे तो खिळा घातलेला सांधा घेऊन गाडी मापाच्या कसोटीला उतरलीच असती. परंतु तोच नियम पुढें हेंहि सांगतो कीं, सांध्यांना रबराच्या टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहींत अशा पक्क्या अडकविलेल्या असल्या पाहिजेत. नियम करणाऱ्याला ठाऊक होतें. आपण पहिलें वाक्य वाचून थांबतों. ढिलाई किती, हें चक्रापाशीं बसून मोजतां येतें. ती कोठें आहे, हें पाहण्यास मातींत निजावें लागतें.

विलायतेंत वार्षिक तपासणींत ह्या मापाचे दोन निरनिराळे आंकडे ठेविले आहेत, आणि तें मला अधिक शहाणपणाचें वाटतें. अडतीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राला, पेटीची रचना असेल तर ७५ मिलिमीटर. आणि दातेरी पट्टीची, म्हणजे ज्याला रॅक म्हणतात ती रचना असेल तर केवळ १३ मिलिमीटर. दातेरी पट्टींत मधले हात व दांडे कमी, सांधे थोडे, म्हणून ढिलाईहि थोडीच असावयास पाहिजे. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, जी २०१४ सालापर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथें तयार होत असे, आणि १९८३ सालीं आलेली मारुती ८००, ह्या दोहोंत ही पट्टीची रचना आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं मारुती आहे त्यांनीं आमच्या नऊ सेंटिमीटरांशीं तुलना करून समाधान मानूं नये. त्यांच्या गाडींत दोन बोटें ढिलाई हीसुद्धां फार झाली. एंजिनाच्या साह्यानें हलकें होणारें सुकाणूं असेल तर मात्र ही परीक्षा एंजिन चालू ठेवूनच करावी.

नवा सांधा मिळविणें हें पुढचें काम. एक काळ असा होता कीं पद्मिनीचा सुटा भाग तालुक्याच्या गांवींहि मिळे. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी होई. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून ओळखली जाई आणि १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे दीर्घकाळ हीच गाडी. तेथें टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानें शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें सेवेंतून गेली. उदगिरास सांधा मिळाला नाहीं, लातुरास मिळाला नाहीं; शेवटीं पुतण्यानें मुंबईहून मागविला. एकच मागवीत होता. चाचांनीं दोन्हीं बाजूंचे मागवावयास लाविले, आणि सोबती हाताचे बुश वेगळे. नऊ दिवस गेले. प्रस्थानाचा ठरलेला दिवस टळला. शिदोरीचे लाडू मुलांनीं घरींच संपविले. वहिनींनीं एकदांहि विचारलें नाहीं कीं केव्हां निघावयाचें; मात्र रोज सकाळीं देवपूजा झाल्यावर गाडीपाशीं जाऊन उभ्या राहात.

भाग आल्यावर चाचांनीं स्वतः नाहीं, तर त्यांच्या धाकट्या मुलानें काम केलें आणि चाचा बाजेवर बसून पाहात राहिले. जुन्या सांध्याचे जितके आटे आंत होते तितकेच मोजून नवा बसविला. कारण दांड्याची लांबी बदलली कीं पुढच्या चाकांचा परस्पर रोख बिघडतो आणि टायर एका बाजूनें खरवडून निघतात. तरीहि मागाहून उदगिरास नेऊन तो रोख मोजून घेतलाच. प्रत्येक नटांत नवी पिन घातली. चाचांनीं मला बोलावून एकेका पिनेचे वांकविलेले पाय दाखविले आणि पुतण्याला म्हणाले, "हें दर दिवाळीला गुरुजींना दाखवायचं. तुम्ही नाहीं पाहायचं, त्यांनीं पाहायचं."

मीं पुन्हां तार बांधली, खुणा केल्या. साडेतीन सेंटिमीटर. तेवढी ढिलाई पेटींतल्या आट्यांच्या झिजेची, ती राहूं द्यावी असें चाचांचें मत पडलें. पेटीचा स्क्रू त्यांनीं पुन्हां आवळला नाहीं. वळणानंतर चक्र आपण होऊन सरळ येऊं लागलें.

ज्येष्ठांत आम्ही माहुरास गेलों. गाडींत पांच, मागून भाड्याच्या गाडींत चौघे. पुतण्याचा एवढा हट्ट वहिनींनीं मान्य केला. गडाच्या चढणीवर बटू आजीच्या मांडीवर झोंपला होता. परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तार बांधून पाहिलें, साडेतीनच होतें.